मासे वर येतात ते

१० सप्टेंबर, दुपार
पितृपक्षातली आज ह्यांची तिथी. घास ठेवला, कावळा आलाच नाही. घाबरले नाही. घास शेततळ्यात सोडला. मासे ह्यांनीच आणून सोडलेले, म्हणजे पोचला. सगळे तोंडं उघडून वर आले. मला ओळखतात.

११ सप्टेंबर
सकाळी गेले तर आधीच वर येऊन माझी वाट बघत होते. लेक संस्कृती केडगावहून फोनवर हसली. म्हणाली, मासे कुणाची वाट बघत नसतात. तिला काय माहीत. ठरलं: रोज भाकरी वाढवायची.

१३ सप्टेंबर
वाचनालयातून विज्ञानाचं पुस्तक आणलं. शाळा चौथीपर्यंतच, पण वाचलेलं मला समजतं. मासा तोंडाने पाणी घेतो, कल्ल्यांतून बाहेर सोडतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ले ओढून घेतात. म्हणजे वरची हवा त्यांना लागतच नाही. मग वर येतात ते माझ्यासाठीच. पुस्तक मिटलं.
दवाखान्यात शेवटी ह्यांचं तोंड असंच उघडं होतं. हा विचार करायचा नाही.

१५ सप्टेंबर
पाणी हिरवंगार. वास येतो. दीर हनुमंत बांधावरून म्हणाले, तळ्यातली हवा सरलीय, मोटार लावून पाणी वरून पाडा. स्टार्टरला ह्यांच्यानंतर कुणी हात लावलेला नाही. मी म्हणाले, मासे आवाजाला भितील.
"मासे न्हाई भीत वहिनी, तुमी भिताय."
भाकरी जरा जास्तच टाकली.

१७ सप्टेंबर, सकाळ
पांढरी पोटं वर. काठाला नुसता खच. घरी पळत आले, पुस्तक उघडलं. पुढच्याच पानावर होतं: टाकलेलं अन्न कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग मासे श्वासासाठी वर येऊन तोंडं उघडतात.
भाऊजींना बोलावलं. ते स्टार्टरपाशी उभे राहून एवढंच म्हणाले, "दाबा तुमी. मी हाय हितं."
डोळे मिटून दाबला.

१९ सप्टेंबर
मोटार चालू आहे. थोडे मासे वाचलेत, पण एकही वर येत नाही. भाऊजी म्हणाले, लई चांगलं लक्षण हाय.
ते गेल्यावर काठावर बराच वेळ उभी राहिले. इकडेतिकडे बघून हळूच हाकही मारली.
कुणी ओळख दाखवली नाही.