रविवारचा साहेब

डर्बन, १९८५

ओस्थायझन साहेब,

वर्षभर मी तुमच्याकडे टक लावून बघतोय, ते भीतीनं नव्हे. दर रविवारी युनियनच्या नाटकात मी तुमचं काम करतो. गुलाबी नाक लावायचं, घसरती पँट वर ओढायची आणि ओरडायचं.

काल संपात तुम्ही कारखान्याच्या दारात आलात, पँट वर ओढलीत आणि ओरडलात, "सगळ्यांचे शहरात राहायचे पास रद्द करून गावी धाडीन!"

माणसं घाबरायची सोडून टाळ्याच वाजवायला लागली. नोम्वुला मावशी म्हणाली, "बरा करतो हो, पण आपल्या थेंबिन्कोसीची सर नाही!" एकही जण कामावर गेला नाही.

हे पत्र पाठवणार नाही. वाचून तुम्ही धड पट्टा बांधाल, आणि आम्हाला परत तुमची भीती वाटायला लागेल.

तुमचा रविवारचा जुळा,
थेंबिन्कोसी