सुभेदाराची अब्रू

बाबा, काल नारळी पौर्णिमा झाली आणि तुमच्या सुभेदाराची मी भर किनाऱ्यावर पार शोभा केली. तुम्ही असतात तर आधी कपाळावर हात मारला असतात आणि मग पोट धरून हसला असतात. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायची त्यांना डॉक्टरांनीच बंदी केली आहे, पण तोंड न उघडताही ते किती रागावू शकतात हे तुम्हाला मी काय सांगू, तुमचाच धाकटा भाऊ.

झालं असं, काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि पौर्णिमा तोंडावर आली. तुमच्यामागे इतकी वर्षं गाऱ्हाणं तेच घालत होते. त्यांचे मुलगे मुंबईला, त्यांना रजा नाही. मग समुद्राला नारळ देताना देवापुढे बोलायचं कुणी? आणि आपल्या घराण्याचं नुसतं 'बा देवा महाराजा' करून भागत नाही. घरातलं कुणी पहिल्यांदा दर्यावर गेलं की त्या वर्षी गाऱ्हाण्यात आपल्या मूळ पुरुषाची, सुभेदाराची, सगळी कारकीर्द सांगायची, त्याच्या मागे नव्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं की ते नाव लागलं. कुणी म्हटलंच नाही तर राहिलं. यंदा नाव लागायचं होतं माझ्या लेकीचं. तुमची नात नौदलात अधिकारी झाली, बाबा! लिहितानाही माझी छाती फुगते.

"औंदा मी घालतंय," असं मी काकांना म्हटलं. त्यांनी डोळे वटारले आणि डॉक्टरांना धाब्यावर बसवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बायलमाणसान गाऱ्हाणा? खंय आयकलंस?" मी म्हटलं, "माझा चेडू बोटीर गेला ता चलता, आणि तेच्या आवशीन तोंड उघडल्यान ता चलना नाय?" काकांनी वाद सोडला. मान्य म्हणून नव्हे, घसा दुखला म्हणून.

आवाजाचा तर प्रश्नच नव्हता. ओरोसच्या ऑफिसात मी माझ्या टेबलावरून फाईल मागितली की खाली बस स्टॉपवर ऐकू जातं. साहेब एकदा म्हणाले, "बाई, फाईल मागताय की रेडे हाकताय?" लहानपणी घरातलं प्रत्येक माणूस मला हळू बोल म्हणून दटावायचं. तुम्ही मात्र एकदाच रागावलात, मी पाहुण्यांसमोर मुद्दाम नाजूक आवाज काढला तेव्हा. "ह्या कोण बोलता? माझा चेडू खंय गेला?" म्हणून असे खेकसलात की पाहुण्यांच्या हातातला चहा हिंदकळला. आणि मग त्या पाहुण्यांना बसवून सुभेदाराची गोष्ट, अर्थातच.

ती गोष्ट मला अजून तुमच्याच आवाजात ऐकू येते. अडीचशे वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी चिखलात जोत हाकणारा शेतकऱ्याचा मुलगा. आमसुलं विकायला मामाबरोबर मालवणच्या बंदरावर येतो, आयुष्यात पहिल्यांदा गलबत बघतो, आणि मामा एकटाच घरी परततो. आरमारात खलाशी म्हणून लागतो. रेडे हाकून कमावलेला गळा असा, की वाऱ्यातसुद्धा त्याची हाक एका गलबतावरून दुसऱ्यावर पोचायची. एकदा मालवणच्या खडकांपाशी पुढचं गलबत थोडक्यात वाचलं आणि मागची सगळी त्याच वाटेनं येत होती. हा वरच्या डोलकाठीवरून ओरडला आणि सगळी वळली. तिथून तो तांडेल झाला, म्हणजे अख्खं गलबत त्याच्या हाताखाली, आणि पुढे आरमाराचा सुभेदार. शेवटाला आलात की तुम्ही उभेच राहायचात.

आता कालच्या सकाळचं ऐका. मी वाटणाला खोबरं भाजत होते आणि लेकीचा फोन आला. तिचं प्रशिक्षणाचं जहाज नुकतंच बंदराला लागलं होतं. पावसाळ्यातला समुद्र, पहिलीच मोठी फेरी. आवाज इतका बारीक की मी गॅस बंद केला. म्हणाली, "आई, मी सगळ्यांसमोर ओकलंय. परत परत. माझ्याकडे बघून खलाशी तोंड फिरवून हसत होते. माका वाटता मी चुकीच्या जाग्यार इलंय." इतकी वर्षं रात्रंदिवस अभ्यास केलेली ही मुलगी एका बादलीपायी सगळं सोडून घरी येणार की काय! मी काय बोलणार? मी बोलले ते तुमचंच.

माझ्या लहानपणच्या त्या संध्याकाळी तुम्ही मोरीवर बांगडे साफ करताय. मी चुलीपाशी तोंड पाडून बसले आहे, कारण दुपारी तुमच्याच बोटीतून किल्ल्यावर जाताना मी ओकले आणि चुलत भावंडं अजून नाक दाबून मला चिडवताहेत. तुम्ही मान वर न करता म्हणता, "सुभेदार पयल्यांदा गलबतार चढलो तेवा मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत ओकत गेलो." मी म्हणते, खोटा! "खोटा कित्याक बोलू? तांडेल म्हणाक लागलो, ह्येका वेंगुर्ल्याक उतरवा. तर ह्यो असो बोंबाललो, की मागचा गलबत थांबला. तांडेल बोललो, रवांदे, पोट नाय, पण गळो कामाचो आसा." मी हसले, आणि त्या रात्री बांगडे मीच सर्वांत जास्त खाल्ले.

तीच गोष्ट लेकीला सांगितली. ती जरा हसली, पण फोन ठेवताना आवाज होता तसाच. आणि तशीच मी किनाऱ्यावर गेले. अख्खी वाडी जमली होती. बायका मागे कुजबुजत होत्या, काका पुढे हाताची घडी घालून. मी सुरुवात केली. ग्रामदेवता झाली, वेशीवरचे देव झाले, सुभेदाराचं जोत सुटलं, तो बंदरावर आला. प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा!' मला चेव आला आणि सकाळपासून जे जिभेवर होतं ते बाहेर पडलं. "जो पयल्यांदा गलबतार चढलो आणि सगळी वाट ओकत गेलो, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे सवयीनं ओरडले. मग काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं. मागून एक बाई फिसकन हसली आणि किनारा फुटला. काकांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, आता माघार नाही, आणि होता नव्हता तेवढा गळा काढला. "तरीय जेणा गलबत सोडूक नाय, तेका जसो सांभाळलंस, तसाच माझ्या चेडवाक सांभाळ, रे महाराजा!" आणि तिचं नाव घेतलं. बाबा, त्यावर जो होकार उठला, तो मी जन्मात ऐकला नव्हता. म्हातारे तांडेल डोळे पुसत होते. त्यातला एक नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मी पण ओकललंय गो. बायलेक सुद्धा सांगूक नाय अजून."

कुणीतरी हे सगळं फोनवर टिपून लेकीला पाठवलं. दुपारी तिचा फोन आला, तो हसतच. तिनं ते जहाजावर सगळ्यांना दाखवलं, म्हणे, खलाशांना सुद्धा. सोमवारी पुन्हा निघतेय.

संध्याकाळी काका ओट्यावर येऊन बसले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आमच्या बापाशीन ही ओकण्याची गोष्ट माका कधी सांगूक नाय. तुका कोणी सांगल्यान?" मी म्हटलं, बाबांनी. त्यांचे खांदे हसून हलायला लागले. "दादा बरो लबाड होतो," म्हणाले.

म्हणजे सुभेदार कधी ओकलाच नव्हता. तो माझ्यासाठी ओकला होता. कळलं तशी मी आत जाऊन आधी रडले आणि मग एकटीच हसत सुटले. इतकं प्रेम हो तुमचं, की अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही सोडलं नाहीत!

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवू? लेकीला द्यावं असं मनात आलं होतं, पण तिलाही देणार नाही. तुम्ही सुभेदाराला वेंगुर्ल्यापर्यंतच ओकायला लावलं होतंत. मी काल फोनवर त्याला पार गोव्याच्या पुढे नेला. काय करणार, पोरीला वेंगुर्ल्यापर्यंतचं पुरलं नसतं.