काठ बाहेरच्या बाजूला

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोजकं, मुद्देसूद.
आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधून चाकणच्या कंपनीला डावे आणि उजवे ब्रॅकेट जातात. कुठल्या खोक्यात कुठले, याची यादी सॉफ्टवेअर बनवतं. सॉफ्टवेअर मी बनवतो. कंपनीच्या कॉम्प्युटरला आमची यादी वाचता येत नाही, म्हणून आज टेम्पो गेटवरून परत आला. मालक दादासाहेब म्हणाले, मधे काय तरी जोडून दे की राव, चालून जाईल.
चालून जाईल! या दोन शब्दांनी या देशाचं वाटोळं केलं. मी खांद्यावर उपरणं टाकलं आणि वीस मिनिटं बोललो. सगळ्यांसाठी एकच, खुला, कुणाच्याही मालकीचा नसलेला स्टँडर्ड येतो आहे. समिती बसली आहे. तोपर्यंत मी जुगाडाची एक ओळ लिहिणार नाही. लोक उठून उभे राहिले. चहा आला होता.

५ नोव्हेंबर
समितीला सूचना पाठवल्या. ४१ पानं. पहिली ३० प्रस्तावना.

१० नोव्हेंबर
टेम्पो पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत आला तर ऑर्डर बंद, असं कंपनीने कळवलं. ऑर्डर बंद म्हणजे वर्कशॉप बंद, अकरा माणसं घरी. दादासाहेब म्हणाले, वीस ओळींचं काम हाय म्हणतोस आन् करीत न्हाईस, व्हय? मी म्हणालो, प्रश्न ओळींचा नाही, तत्त्वाचा आहे. मग तत्त्वच भर टेम्पोत, म्हणाले.

१२ नोव्हेंबर
पॅकिंगच्या तानाबाईंनी दोन जुन्या साड्या फाडल्या. डाव्या खोक्याला लाल पट्टी, उजव्याला हिरवी. कंपनीच्या गेटवरच्या गेनूला फोन करून सांगितलं. त्याने रंग बघून हाताने नोंद केली. टेम्पो आत.
मी निषेध नोंदवला. तानाबाई म्हणाल्या, तुमी बोला सिद्धेशराव, मी तवर बांधते.

१९ नोव्हेंबर
साथ पसरते आहे. आणखी चार वर्कशॉपांत पट्ट्या. त्यातल्या मालोजींच्या वर्कशॉपमध्ये जाऊन भाषण दिलं. समोर बायका साड्या फाडत बसल्या होत्या. आवाजामुळे काही मुद्दे पोचले नसावेत.

२ डिसेंबर, सकाळी ९
स्टँडर्ड आला! अर्धा किलो पेढे आणले. पट्ट्या आजपासून बंद, असं दादासाहेबांना बजावलं. आता वाचायला घेतो.

९.४०
कलम १: डाव्या मालाला लाल पट्टी, उजव्याला हिरवी. कलम २: लांबी एक वीत. तळटीप: वीत तानाबाईंची धरावी. कलम ३: काठ बाहेरच्या बाजूला.
माझ्या ४१ पानांचा उल्लेख नाही. खुला मात्र आहे. कुणाच्याही मालकीचा नाही, साड्या सोडून.

११.००
पेढे तानाबाईंनी वाटले. सगळ्यांना वाटलं त्यांनीच आणले.

३ डिसेंबर
तत्त्व म्हणजे तत्त्व. स्टँडर्ड आला, मी पाळणार. इतरांवर भरवसा नाही, म्हणून साठही खोक्यांच्या पट्ट्या स्वतः बांधल्या. काठ बाहेर आणायचा तर प्रत्येक पट्टी उलटावी लागते. टेम्पो हॉर्न मारत होता. काठ आतच राहू दिला. चालून जाईल.

४ डिसेंबर
टेम्पो काल संध्याकाळपासून गेटवर अडकलेला. तिसरी वेळ. कलम ३. मी गेनूला फोनवर सविस्तर समजावलं. तो म्हणाला, स्टँडर्ड म्हंजी स्टँडर्ड, राव.
दादासाहेबांनी तानाबाईंना स्कूटरवर मागे बसवून चाकण गाठलं. बाईंनी गेटवर साठ पट्ट्या उलटवल्या. टेम्पो आत गेला, परत आला अशी नोंद झाली नाही. ऑर्डर वाचली.
उद्या सकाळी सात वाजता माझं ट्रेनिंग. तानाबाई घेणार आहेत. सरावाला काठाचं कापड घरून आणायचं आहे. बायकोकडे जुनी साडी मागितली. ती म्हणाली, माझ्या साड्यांना हात लावायचा नाही. तुमच्या त्या भाषणाच्या उपरण्याला काठ आहे ना?
आहे. लाल.