आमसुलांचं पहिलं गिऱ्हाईक

चारकोप, मंगळवार संध्याकाळ

डोकं फिरलंय. आईनं वाळत घातलेल्या आमसुलांचं मी काढलेलं डिजिटल चित्र माझा एजंट संदीप ऑनलाइन लिलावात विकतो; एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचा भाव चढत जातो. भाव तिप्पट झाला तेव्हा बाबांनी सोसायटीत पेढे वाटले होते. आज अंधेरीला त्याच्या ऑफिसात जाऊन विचारलंच, "ही आमसुलं सारखी घेतंय कोण रे?"

"मीच. वेगवेगळ्या नावांनी. भाव असाच चढवतात गं."

मला आधीच कसं कळलं नाही? "आत्ताच्या आत्ता बंद कर," म्हणाले. तर हसला. "आता कशाला? आज खरं गिऱ्हाईक मिळालं ना! पैसेही जमा झाले."

नाव बघितलं. बाबांचं.

आत्ता बाहेर ते आईला सांगतायत, "एफडी मोडली, पण पोरीची आमसुलं परक्याच्या हाती जाऊ दिली नाहीत."