सात सीटची पाहणी

१४ मे, बुधवार

निर्णय झाला. गाडी घ्यायची. सात सीटर, लक्झरी, सनरूफवाली.

आधी कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी हौस म्हणायला नको. काल शिवप्रियाचा दहावीचा निकाल लागला. शिवप्रिया म्हणजे अण्णांची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. ब्याण्णव टक्के. घरभर पेढे. आणि पेढा तोंडात असतानाच अण्णा म्हणाले, हिला आता डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला ठेवावं लागंल. लगेच वहिनी म्हणाल्या, एकटीला न्हाय ठेवायची, आमीच जाताव सगळे. अण्णांनी मान हलवली. म्हणजे अख्खं बिऱ्हाडच हलवायचं! आमची आई, अव्वा, तिथंच बसली होती. तिनं शिवप्रियाला आणखी एक पेढा भरवला.

मी पेढा गिळला आणि दुकानात निघून आलो. खताच्या पोत्यांत बसलं की माझं डोकं चालतं. चाललं. आमच्या माकणीहून लातूर असं कितीक लांब आहे? चांगली गाडी असली तर पोरगी रोज जाऊन येईल. मग बिऱ्हाड हलवायचं कारणच उरत नाही. घरात माणसं सात: अव्वा, अण्णा, वहिनी, शिवप्रिया, मी, माझी बायको शिवांजली, आमची आरोही. गाडीत सीट सात. याला योग म्हणतात.

अण्णांची जीप आहे, पण तिचं एक दार सुतळीनं बांधावं लागतं. तिच्यात पोरगी काय डॉक्टर होणार.

अण्णांना इतक्यात सांगायचं नाही. सरप्राइज.

१५ मे, गुरुवार

दिवसभर मोबाइलवर रिव्ह्यू बघितले. टॉर्क म्हणजे काय ते आता मला पक्कं कळलंय. गावातला शांतलिंग तणनाशक मागायला आला होता, त्यालाही समजावून सांगितला. त्यानं शेवटी समोरच्या दुकानातून तणनाशक नेलं. लोकांना ज्ञान नको असतं.

एक किरकोळ अडचण. ड्रायव्हिंग. लायसन्स आहे. पुढं जायला मी उत्तम आहे. रिव्हर्सचं काम अजून बाकी आहे. क्लासमध्ये रिव्हर्स शिकवला तेव्हा मला सर्दी होती. शिवांजली म्हणाली, आवो, तुमी स्कूटी वळवायला खाली उतरताव. मी तिला सांगितलं, पाहणी करणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा. पंचानं कुस्ती खेळायची नसते.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, गौऱ्या, जरा बस, बोलायचं हाय. मला एकदम आठवलं, दुकानाचं कुलूप बघायचं राहिलं होतं. जाऊन बघितलं. लावलेलं होतं.

१७ मे, शनिवार

गाडी आली! सोलापूरच्या शोरूमचा नंदीश घेऊन आला. डेमोची गाडी, उद्या संध्याकाळपर्यंत आपल्याकडे. घरच्यांना दाखवा, फिरवा, मग ठरवा म्हणाला. सालस पोरगा. मला सर म्हणतो.

गल्लीत लोक जमले. शेजारचे शिवलिंगप्पा काका हार घेऊन आले आणि म्हणाले, केलीस की रं कमाल. ही डेमोची आहे, असं मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनी त्यात पेढा घातला. मग काकू आरतीचं ताट घेऊन आल्या. बॉनेटवर स्वस्तिक निघालं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी त्यावरनं नेली. नंदीश हळूच म्हणाला, सर, हे कुंकू निघतं ना? मी म्हणालो, शुभ असतं.

काका म्हणाले, सत्तावीसला, मंगळवारी नातवाचं लगीन हाय, नवरदेव ह्याच गाडीत बसवायचा. आपल्याकडं नवी मोठी गाडी दारात आली की पहिला मान नवरदेवाचा. यावर नाही म्हणता येत नाही. मी म्हणालो, तुमचीच गाडी हाय काका. दुसरं काय म्हणणार?

दुपारी एक कल्पना सुचली. नंदीश जेवून झोपला होता. रेडियमवाल्याला लोहाऱ्याहून बोलावून घेतलं आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात टाकून घेतलं: 'रेवणसिद्ध-गौरीशंकर बंधू, माकणी'. अण्णांचं नाव आधी, माझं नंतर. आता ही अक्षरं बघून कुणाचं पाऊल लातूरकडं पडेल?

नंदीश उठला, बघितलं, आणि पायरीवर बसून राहिला. उन्हाचा त्रास होत असावा.

अण्णा संध्याकाळी शेतातनं आले. गाडीला चक्कर मारली. काचेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, काच सगळी झाकली की रं, मागचं दिसंल कसं? मी याला होकार समजतो. उद्या सगळे खंडोबाला, नळदुर्गला. रविवार आहे, देवाचा वार.

जेवल्यावर अण्णा परत म्हणाले, बस जरा. पण मला आधीच झोप लागली होती. म्हणजे डोळे मिटलेले होते.

१९ मे, सोमवार

कालचं आज लिहितोय. पाहणीचा थकवा.

निघताना कळलं की शोरूमचा माणूस गाडीत लागतोच. म्हणजे आठ झाले. नियोजनात हे कुणीच धरलं नव्हतं. चालवायला अण्णा, शेजारी नंदीश, मध्ये अव्वा, वहिनी, शिवांजली, आणि मागच्या रांगेत दोन सीटांवर मी आणि दोन पोरी. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. आरोही म्हणाली, पप्पा, तुमी बसलाव का ठेवलाय तुमाला? मी सांगितलं, खरा पारखी मागच्या रांगेतनंच गाडी बघतो.

एसीची हवा मागं येईपर्यंत गरम होते. मागची काच उघडत नाही. वहिनींनी शेंगाची चटणी उघडली त्याचा वास मात्र मागं चांगला येतो.

नळदुर्गला सगळे उतरले. पोरी फटीतनं सुळकन निघून गेल्या. मला मधली सीट पाडता येईना. खटका कुठं आहे ते नंदीशला माहीत, आणि नंदीश रस प्यायला गेलेला. मागचं दार आतून उघडत नाही. हाक मारली. काच चांगली आहे, आवाज बाहेर जात नाही.

मग अण्णा एकटेच परत आले. मला वाटलं, सोडवायला आले. त्यांनी पुढनं एसी लावला, मधल्या सीटवर येऊन बसले, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "गौऱ्या, आता ऐक. हितनं तुला उठून जाता यायचं न्हाय."

मी सीटचं कापड बघू लागलो. शिलाई चांगली आहे.

अण्णा म्हणाले, लातूरला घर बघून ठेवलंय. आडतीत एकाबरोबर भागी धरलीय. शेत शांतलिंगला बटईनं, निम्म्या वाट्यानं द्यायचं. जूनमध्ये जायचं. अव्वा बी येती म्हणती, पोरीपाशी राहती. घरात सगळ्यास्नी ठावं हाय. तुला सांगाय बसलो की तू उठतुयास.

मी म्हणालो, पण अण्णा, गाडी आली की रोज जाऊन-येऊन करता येईल. अण्णा म्हणाले, "आन् चालवणार कोण? तुला ती मागं घेता येत न्हाय. मी रोज पोरीला न्यायची, तिची वाट बघत दिवसभर लातुरात बसायचं, आन् रातच्याला हितं झोपाय यायचं. कशापायी? तुला करमावं म्हनून?"

नोंद: मागच्या रांगेत आवाज नीट पोचत नाही. पुढचा माणूस काय बोलतो ते काही कळत नाही.

मग हात मागं घालून अण्णांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं. हात पोचत होता.

तेवढ्यात अव्वा आली, मागनं बाकीचेही. ती मला बघूनच म्हणाली, कोनी सांगितलं रं तुला हितं यायला? देव हितं न्हाय. यात्रा झाली की देव अणदूरला जातो, पोराला बी ठावं असतंय. खरं आहे. आमचा खंडोबा थोडे दिवस नळदुर्गला असतो आणि बाकीचं वरीस अणदूरला. रस्ता बघण्याच्या नादात एवढं विसरलो. मोबाइलनंही काही सांगितलं नाही.

अव्वा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "देवाला बी दोन घरं लागत्यात. हितली मानसं बी त्याची, तितली बी त्याची." सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, देवाला न्यायला-आणायला गावं लोटतात, आपल्याला कोण येणार न्यायला? कुणी ऐकलं नाही. आवाजाचं आधीच लिहिलंय.

नंदीशनं येऊन एक खटका ओढला आणि सीट पडली.

अणदूरला दर्शन झालं. मी देवाला मागितलं की लातूरच्या घराच्या नळाला पाणी नसू दे. पायऱ्या उतरल्यावर परत गेलो आणि मागितलेलं मागं घेतलं. पोरीचे अभ्यासाचे दिवस आहेत.

२२ मे, गुरुवार

रविवारी गाडी परत नेलेल्या नंदीशचा फोन. मॅनेजर चिडलाय. डेमो बघायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हे बंधू कोण? मी म्हणालो, फुकट जाहिरात झाली. तो म्हणाला, सर, निदान बुकिंग तरी करताय ना? निर्णय अंतिम टप्प्यात आहे, असं सांगितलं.

शिवलिंगप्पा काका रोज येतात. गाडी दिसंना रं? मी सांगितलं, सोलापूरला जास्तीचं सामान बसवायला दिलीय. आज ते विचारत होते, फुलं पिवळी लावू का लाल? लाल म्हणालो. माझ्या तोंडातनं ते कसं निघालं, मलाच कळलं नाही.

संकल्प: उद्या काकांना खरं सांगायचं.

२३ मे, शुक्रवार

काका घाईत होते.

२७ मे, मंगळवार

आज वरात. सकाळीच दुकानात आलो आणि आतून शटर ओढून घेतलं. स्टॉक मोजायचा होता. आत काय गरम होतं! युरियाच्या पोत्यावर बसून बँडचा आवाज ऐकत होतो. आवाज जवळ आला, दुकानासमोर बराच वेळ थांबला, आणि पुढं गेला. मला वाटलं, आता काका मला शोधत येणार.

शटर वाजलं. अण्णा होते. म्हणाले, ये भाईर, गेला नवरदेव. अण्णांनी पहाटे जीप धुतली, सुतळीवर लाल फुलं बांधली आणि नवरदेव त्यात बसवून स्वतः चालवत नेला. काकांना सांगितलं, गौऱ्याची गाडी यायला उशीर हाय, तवर ही जीपच त्याच्याकडनं समजा. काका खूश.

मी म्हणालो, चला, सुटलो. अण्णा म्हणाले, "मी हितं हाय तवर सुटतुयास. फुडं?"

मी खोकत राहिलो. घशात युरिया गेला होता.

८ जून, रविवार

टेम्पो भरला. तात्पुरतं सामान असावं असं समजलो होतो, पण पिठाचा डबा आणि अव्वाचा लिंगपूजेचा पाटही गेला. शिवांजली आणि वहिनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी घरी थांबलो नाही. पेरणीचे दिवस, बियाण्याला मागणी, दुकान बंद ठेवून कसं चालेल?

गिऱ्हाईक एकही नव्हतं.

अण्णा जीप दुकानासमोर उभी करून आत आले. अव्वा जीपमध्येच बसून होती, मला हात करत. अण्णांनी पोत्यांवरनं नजर फिरवली, एक पोतं सरळ केलं, आणि म्हणाले, येतो रं. मला कितीतरी बोलायचं होतं. सगळं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. आणि मी म्हणालो, पावती करू का?

अण्णा हसले. मग हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं आणि गेले.

१२ जून, गुरुवार

चार दिवस घर फार स्वच्छ आहे. शांतता उत्तम. मोबाइलवर बघायला भरपूर वेळ मिळतो. एका अर्थी बरंच झालं.

गाडीची गरज आता तर जास्तच आहे, असा विचार सकाळी पक्का केला. दर रविवारी लातूर. तिकडून सगळ्यांना गाडीत घालायचं आणि देवाला, तुळजापूरला, कुठंही. यात आता माघार नाही. आज बुकिंग.

नंदीशचाच फोन आला. म्हणाला, सर, मॅनेजर शेवटचं विचारतायत, घेताय का नाही?

मी म्हणालो, नको.

तो म्हणाला, का सर, काय आवडलं नाही? माझ्याकडं उत्तरं तयार होती. मागची काच उघडत नाही, एसी पोचत नाही, खटका सापडत नाही. महिनाभर बघितलेली गाडी होती, तासभर बोललो असतो.

मी म्हणालो, घरात तेवढी माणसं राहिली नाहीत.

तो चाचरत म्हणाला, सर, आमच्याकडे पाच सीटरही आहे. मी म्हणालो, तीही मोठीच होईल.