मापं मोठ्याने बोलायची नसतात

आई, तुझी नात, माझी लेक, विश्रामबागेत नोकरी करते आणि रविवारी इस्लामपूरला येऊन आपलं शिलाईचं दुकान सुधारते. या खेपेला तिने माझ्या फोनमध्ये मापांचं ॲप घातलं. टेप लावायची, आकडा मोठ्याने बोलायचा, फोन आपोआप लिहून घेतो. वही भिजते, तिला वाळवी लागते, म्हणाली, आणि हे फुकट आहे. तिथेच मला शंका आली. गावभरच्या बायकांच्या कमरा फुकट सांभाळून याला मिळतं काय? एकीचं पोटाचं माप बोलले आणि संध्याकाळी फोनवर पोट कमी करायच्या काढ्याची जाहिरात. लेक म्हणते, योगायोग. असेल.

तू टेपवर अंगठा दाबून धरायचीस, ओठ न हलवता वहीकडे जायचीस आणि पेन्सिलीने आकडा लिहायचीस. एकदा लग्नसराईत दुकान जावा-नणंदांनी भरलेलं, आणि मी हौसेने आकडा ओरडले. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "भाजी इकाय बसलीयास व्हय गं? बाईचं माप दुसऱ्या बाईलाबी ऐकू जाऊ द्यायचं न्हाई." तेव्हा मला तुझा फार राग आला होता.

परवा आपल्याकडेच कपडे शिवून घेणारी, एका फौजीची बायको आली. छातीच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ब्लाऊज शिवायला. बाकड्यावर तिची सासू आणि शेजारीण बसलेल्या. मी टेप लावते, फोन तोंडाशी धरते, आणि ती माझं मनगट पकडते. "आवं ताई, ह्ये बोलायच लागतंय व्हय?" मग अगदी हळू, "बोललेलं जातंय कुठं?" लाज वाटली. मी फोन मशीनच्या खणात टाकला आणि वही काढली. जुन्या मापावर तू एकच रेघ मारायचीस, खालचा आकडा दिसत राहील अशी. मीही तशीच मारली. जाताना तिने माझ्या कानाशी येऊन आतून पॅड कसं बसवायचं ते सांगितलं.

मापं वहीतच राहतील, असं मी लेकीला सांगून टाकलंय. ती फुगून बसली आहे. पण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. ॲप शिकताना पहिलं माप मी तुझं घातलं, कारण तू गेलीस तरी तेवढंच मला पाठ आहे. आता ते मधूनच विचारतं, 'हे ग्राहक बरेच दिवस आले नाहीत. आठवण पाठवू?' मी 'नको' दाबत नाही. फोन उपडा ठेवते आणि ब्लाऊजला हुका लावत बसते. एवढा संशय आहे, तरी ते ॲप काढून टाकायला माझा हात धजत नाही.