मादाम शर्बातचा वध

३ रमजान, दुपार. अलेक्झांड्रिया.

आजपासून दोन गोष्टी वर्ज्य. आरडाओरडा आणि कीबोर्डवर मुठी आपटणं. उपवासात दिवसभर सिगारेट नाही, त्यामुळे जकात कचेरीत सगळे एकमेकांच्या नरडीला हात घालतात. मी त्यांतला नाही. आज एका कारकुनावर फक्त स्टेपलर फेकला. तोही लागला नाही.

'राखेचं साम्राज्य'वाल्यांनी मात्र घात केला. कित्येक वर्षं मी या ऑनलाइन गेममध्ये मुंडकी उडवतोय. 'किनाऱ्याचे लांडगे' या टोळीचा सरदार आहे. आणि आता या लोकांनी आमच्या रणांगणात 'गोड गल्ली' आणून घुसवली. 'गोड गल्ली' म्हणजे मुली केकवर आयसिंग काढतात तो गेम. दोन्ही गेम मिसळून एक क्रॉसओव्हर मोहीम. तिच्या शेवटी मादाम शर्बात नावाची महाकाय हलवाईण, दोन हातांत दोन सत्तूर. तिला भोसकलं की रक्ताऐवजी साखरेचा पाक उडतो.

पाक! हिंसेचा इतका घोर अपमान मी पाहिलेला नाही.

फोरमवर सविस्तर मत लिहिलं. अशा संकरातून वीरवृत्तीचा लोप होतो वगैरे. लांडगे या मोहिमेला शिवणारसुद्धा नाहीत, असं जाहीर केलं. प्रचंड प्रतिसाद येणार.

४ रमजान

प्रतिसाद आला. एक. डॉक्टर इनासचा. ही मन्सूरा शहरातली दंतवैद्य, 'डेल्टाच्या मगरी' या टोळीची सरदारीण. लिहिते, उस्ताद वगदी, आधी दोन घास खा, मग मत मांडा. तिच्या या वाक्याला शेकडो लाइक. म्हणजे माझा लेख शेकडो लोकांनी वाचला.

६ रमजान

हेडफोनवर टोळीची बैठक. मतस्वातंत्र्य दिलं. चूक झाली.

पहिला बोलला हमाम. हा आमची ढाल. युद्धात सगळ्यांच्या पुढे उभा राहून घाव झेलतो. राहतो दूर दक्षिणेकडे कना शहरात, शाळेत कवायत शिकवतो. म्हणाला, उस्ताद, रागावू नका, पण मी चोरून मोहीम बघून आलो, एकदम झकास आहे. ती बाई सत्तूर घालते ना, तर माणसाच्या रव्याच्या बस्बूसासारख्या चौकोनी वड्या पडतात. काय सांगू, अंगावर काटा आला. टोळीत दोघं काहिराचे आहेत, ते दोन्ही काहिरावाले खिदळायला लागले, आम्हालाही कापून घ्यायचंय म्हणाले.

मी तत्त्वाचं बोललो. हमाम ऐकून घेऊन म्हणाला, ठीक आहे, पण ईदला ही मोहीम बंद होते. तोवर मादाम पडली नाही, तर मी डॉक्टरबाईंच्या टोळीत जातो. तुम्ही माझे मोठे भाऊ, पण भाऊ रुसला म्हणून लग्नातलं जेवण कुणी सोडत नाही.

किरोलोसनं नंतर वेगळा फोन केला. तो आमचा वैद्य, युद्धात जखमा भरतो. एरवी शुब्रात औषधाचं दुकान. म्हणाला, उस्ताद, मी कुठे जात नाही, पण हमाम गेला की त्याच्यामागे सगळे जातील. ढाल नसलेली टोळी म्हणजे खाटीकखान्याबाहेरची रांग.

सबब जायचं ठरवलं. अर्थात अभ्यासासाठी. ज्याचा निषेध करायचा ते आधी नीट मारून बघावं.

९ रमजान

वेळेचा प्रश्न मी सोडवला. इफ्तारनंतर कुणी हाती लागत नाही. मालिका, नमाज, सासुरवाडी. म्हणून मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या आधीचा तास. त्या वेळी सगळा देश घरात बसून घड्याळाकडे बघत असतो. शिवाय माझा सिद्धांत असा की, रिकाम्या पोटी माणूस अधिक हिंस्र होतो. पुरावा हवा असेल त्याने त्याच्या जरा आधी आमच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी घालून बघावी.

पहिली चढाई. सगळे ठार. दोष मोहिमेचा. रणांगणभर तव्यांवर शेवयांचा कुनाफा खरपूस होत असतो, त्यातून वाफ येते. हमाम कतायफच्या गोड करंज्यांच्या ताटाकडे बघत उभा राहिला, तेवढ्यात मादामनं त्याला मानेपासून कमरेपर्यंत उभा चिरला. पुढच्याच घावात दोन्ही काहिरावाले आडवे. मी मागे उभा राहून आज्ञा देत होतो, म्हणून सर्वांत शेवटी मेलो. सरदारानं तसंच मरायचं असतं.

कीबोर्डवर मूठ आपटली. फक्त एकच. एक मोजणीत धरत नाही.

१३ रमजान

खाली शहाताकडे दाढीला गेलो. वस्तरा गळ्यावर असताना म्हणतो कसा, उस्ताद, ती गोड गल्लीवाली मोहीम काय बनवलीय हो, माझी बायकोसुद्धा बघत बसते. मी ताडकन उठलो. वस्तऱ्याला हे कळवायचं राहिलं. कान कापला गेला, बराच. शहाता कापूस दाबत ओरडत होता की, माणसं मतासाठी पार्टी सोडतात, कान कोण सोडतं हो?

रक्त पाहून बरं वाटलं. खरं, लाल, बिनसाखरेचं. फोरमवर तसं लिहिलं. कुणीतरी विचारलं, तुमचा कान मोहिमेत कापला की बाहेर? उद्धट पिढी.

१७ रमजान

प्रगती. आज मादामचे दोन्ही हात तोडले. तिनं तोंडात सत्तूर धरला. मान्य करावं लागेल, मला हे सुचलं नसतं. मग ती गिरकी घेत आली आणि माझ्या पोटातून आतडी बाहेर काढली, लांबच लांब, गुलाबी, लाडिक रंगाची. वेणीसारखी गुंफलेली. सुंदर काम केलंय.

हे वाक्य फोरमवर टाकायचं नाही.

युद्ध ऐन रंगात असताना बायकोनं, नगवानं, दार उघडून विचारलं, लुबनाचे बाबा, तिकडे बाईची खांडोळी करताय, इकडे काकड्या कोण चिरणार? पाहुणे येतायत. गेलो. दुसऱ्याच काकडीला अंगठा चिरला. नगवा म्हणाली, अरे देवा, आणि हा माणूस सैन्य चालवतो.

अंगठ्याशिवाय तलवार चालत नाही, म्हणून अंगठा भरेपर्यंत फक्त आज्ञा देणार, असं जाहीर केलं. किरोलोस म्हणाला, उस्ताद, आत्तापर्यंत काय वेगळं होतं? त्याच्या बोलण्यात आदर होता.

२२ रमजान

मगरींनी मादामला मारलं. डॉक्टर इनासनं चित्रफीत टाकली. अवघ्या टोळीत एकही माणूस मेला नाही. शेवटच्या घावाला ती म्हणते, तोंड उघडा, दुखणार नाही, आणि भाला घशातून आरपार.

यावरून मोहीम किती सोपी, म्हणजे किती वाईट आहे हे सिद्ध होतं. तसं लिहिलं. हमामनं माझ्या मताखाली फक्त डोळ्यांची खूण टाकली. कशाची खूण ते विचारलं नाही.

२८ रमजान

उद्या शेवटची संधी. ईदला मोहीम बंद, आणि हमाम जाणार. या एका विचारानं काल जेवण गेलं नाही. (नंतर गेलं.)

योजना बिनचूक आहे. आत्तापर्यंत आम्ही फार आधी सुरू करत होतो. भुकेचा जोर मगरिबच्या तोंडाशी असतो. म्हणून अजानला जेमतेम युद्धापुरता वेळ राहील तेव्हाच हल्ला करायचा. मादाम मरणार आणि आमची उपवास सोडायची तोफ उडणार, दोन्ही एकदम.

वेळेतला फरकही मोजला. टीव्हीवर रोज काहिराची अजान होते आणि निवेदक बजावतो की काहिराबाहेरच्यांनी आपापल्या वेळेचं भान ठेवावं. आम्ही अलेक्झांड्रियावाले जन्मभर तेच करतोय. त्यांनी खजूर तोंडात टाकला तरी आम्ही आवंढे गिळत बसतो. दोन्ही काहिरावाल्यांना सांगितलं की आमच्या अजानपर्यंत थांबा. थांबतो म्हणाले. किरोलोसचा तर स्वतःचा चर्चचा उपवास आहे, त्याच्या जेवणाला अजान लागत नाही. काहिराबाहेर म्हणजे काहिरानंतर, ही गोष्ट लहान पोराला कळते.

२९ रमजान, संध्याकाळ

हल्ला अप्रतिम सुरू झाला. हमामनं ढालीनं मादामचे पुढचे दोन दात पाडले. मी तिच्या गुडघ्यात तलवार खुपसली, पाकानं पडदा चिकट झाला. एक हात गेला, दुसरा गेला. मी ओरडत होतो, सगळे ओरडत होते, भुकेनं आम्ही लांडगे झालो होतो.

तेवढ्यात हेडफोनमध्ये अजान.

टीव्ही बघितला. काहिराची अजून व्हायची होती. मी ओरडलो की कुणाकडची आहे ही? हमाम म्हणाला, आमच्याकडची, उस्ताद. बिस्मिल्ला. आणि ढाल खाली.

कना काहिराच्या पूर्वेला आहे. तिथं सूर्य आधी बुडतो. असा सूर्य कुणी ठेवलाय?

ढाल गेल्याबरोबर मादाम वळली. पहिला घाव मला. छातीपासून दोन भाग. मी जमिनीवर पडून आज्ञा देत होतो. मग काहिराची अजान झाली आणि थांबतो म्हणणारे दोघं थांबले नाहीत. हेडफोनमध्ये खजुराच्या बिया थुंकल्याचा आवाज, मग सूप फुरकल्याचा. पाठोपाठ उरलेलेही. रणांगणात किरोलोस एकटा. तो पुढे पळतोय, बिनहातांची मादाम तोंडात सत्तूर धरून मागे, आणि हा अदबीनं विचारतोय, उस्ताद, आता काय करू?

मी मेलेलो. भुकेलेलो. आमची अजान व्हायला अजून वेळ. कानात सगळी टोळी चघळतेय.

सरदाराला त्वरित निर्णय घ्यावे लागतात. टोळीच्या पानावर गेलो आणि हमामची हकालपट्टी केली. मग काहिरावाले. मग बाकीचे, ज्या क्रमानं फुरकले त्या क्रमानं. किरोलोसला ठेवलं. कीबोर्डही फोडला, पण तो आधीच मोडकळीला आला होता.

याच वेळी हमामचा भरल्या तोंडी आवाज आला, आलो आलो, दोन घास काय खाल्ले. त्यानं ढाल उचलली. काहिरावाले परतले. पोट भरल्यावर ही माणसं जे काही कापायला लागली, ते मी आजवर पाहिलं नव्हतं. मादामच्या ठिकऱ्या उडाल्या. सिद्धांतावर फेरविचार करायला हवा. माझ्या प्रेतावर तिचं मुंडकं येऊन पडलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. मादाम शर्बातचा वध. विजेत्या टोळीच्या रकान्यात काहीच नाही.

हमामनं विचारलं, उस्ताद, आमची नावं कुठे गेली?

तेव्हा आमची अजान झाली. मी जेवायला गेलो.

१ शव्वाल, ईद

सकाळी ईदच्या काहक बिस्किटांची ताटं. नगवानं विचारलं, मेली का ती बाई? मी मेली म्हणालो. म्हणाली, मग तोंड असं का?

हमामचा ईद मुबारकचा संदेश आला. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना घेतलं म्हणतो, तुम्हालाही विचारलंय, पण तुमचं मत आम्हाला माहीत आहे. मनाचा मोठेपणा आहे मुलाचा.

दुपारी किरोलोसचा फोन. आधी ईदच्या शुभेच्छा, मग लुबनाची चौकशी, मग नगवाच्या गुडघ्याची, मग पुन्हा लुबनाची. मीच म्हटलं, जा बाबा. म्हणाला, उस्ताद, तुमच्या परवानगीशिवाय नाही. परवानगी दिली. कुणीतरी अजून माझी आज्ञा मानतं, हे पाहून समाधान वाटलं.

संध्याकाळी टोळीच्या पानावर ठराव मांडला. क्रॉसओव्हर मोहिमांचा लांडगे तीव्र निषेध करतात. मतदान घेतलं. विरोधात कुणीही नाही.

गेमनं ठराव परत पाठवला. गणसंख्येअभावी नामंजूर.